दुबार पेरणी : पुन्हा पहिलीत बसताना



आज एक साधा प्रश्न विचारतो. एखादी गोष्ट अगदी पहिल्यापासून, म्हणजे अ-आ-इ-ई पासून शिकायला तुम्ही शेवटचं कधी बसला होतात?

मुलांनो, तुम्हाला हा प्रश्न सोपा वाटेल. तुम्ही रोजच काहीतरी नवं शिकता, रोज चुकता, खोडता आणि पुन्हा लिहिता. अवघड आहे तो आम्हा मोठ्या माणसांना. एकदा नोकरी लागली, घर बांधलं, चार लोक "सर, सर" म्हणायला लागले की आपण शिकायचं थांबवतो. बाहेरून ते कुणाला कळत नाही, आणि खरं म्हणजे आपल्यालाही कळत नाही. मला ते कळलं तेव्हा माझं वय ४६ वर्षांचं होतं. तोच अनुभव आज सांगतो. यात माझी फजिती जास्त आहे आणि मोठेपणा कमी. तरी वाचा, कदाचित तुमच्या कामी येईल.

एका आदेशाची गोष्ट

२०१८ चा मे महिना. जिल्हा परिषदेच्या ऑनलाइन बदल्यांची यादी आली. मी अमरावती जिल्ह्यातला, दर्यापूरकडचा. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. काळी जमीन, सपाट वावरं, नजर जाईल तिथपर्यंत कपाशी आणि तूर. तिथल्या एका गावच्या शाळेत मी सलग १९ वर्षं होतो. ज्यांना पहिलीत हात धरून गिरवायला शिकवलं, त्यांची मुलं माझ्या वर्गात यायला लागली होती. गावात कुणाकडे बारसं असो की तेरवी, मला बोलावणं असायचंच. तालुक्याच्या पुरस्काराची फ्रेम घराच्या भिंतीवर होती.

यादीत माझ्या नावापुढे मेळघाटातली एक शाळा होती.

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. त्यानंतरचे पंधरा दिवस मी फाइल काखेत मारून फिरलो. कुणीतरी सुचवलं, "सर, आजारपणाचं एखादं प्रमाणपत्र काढा, बदली थांबते." मी तसं केलं नाही, पण दोन रात्री तो विचार माझ्या डोक्यात होता. मुलांना मूल्यशिक्षणाचे पाठ देणारा मी, आणि दोन रात्री हा विचार! आज लिहितानाही लाज वाटते.

शेवटी जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडल्या आणि मी हजर झालो. परतवाडा सोडलं की घाट लागतो. वळणं सुरू झाली आणि मोबाइलची रेंज गेली. खिडकीबाहेर साग, मोह आणि बांबू. बाजूला बसलेले काका म्हणाले, "सर, नवीन दिसता." मी फक्त मान हलवली. १९ वर्षांत मला कुणी "नवीन" म्हटलं नव्हतं.

१९ वर्षांची शिदोरी

शाळा द्विशिक्षकी होती. पहिली ते चौथी मिळून ३१ मुलं. पहिली-दुसरी माझ्याकडे आली. मनात म्हटलं, चला, हे तर आपल्या हातचं काम. मी पेटी भरून साहित्य नेलं होतं. अक्षरकार्डं, चित्रं, गोट्या, बडबडगीतं. गावाकडच्या शाळेत मी गाणं म्हटलं की सगळा वर्ग उड्या मारायचा.

इथे मी गाणं म्हटलं, उड्याही मीच मारल्या, आणि मुलं माझ्याकडे बघत राहिली.

एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मुलं मुकी नव्हती बरं का. मधल्या सुट्टीत एवढा कलकलाट करायची की खिचडी शिजवणाऱ्या ताईंना ओरडावं लागायचं. पण मी वर्गात पाऊल टाकलं की सगळं शांत. गावाकडे वर्ग शांत असला की आपण खूश होतो. ही शांतता मात्र मला खायला उठायची.

पहिलीत एक मुलगी होती. दोन वेण्या, तेल लावून घट्ट बांधलेल्या. ती खिडकीजवळ बसायची. हजेरी घेताना तिचं नाव पुकारलं की ती नुसती बघायची. "हजर" म्हण म्हटलं तरी नाही. पाटीवर रेघ ओढ म्हटलं तरी नाही. तीन आठवडे असेच गेले. शेवटी मी माझ्या वहीत तिच्या नावापुढे एक शब्द लिहिला : "अप्रगत".

एक शब्द लिहिला आणि मोकळा झालो. शिक्षक बंधूंनो, आपल्या हातून हा शब्द किती सहज लिहिला जातो, नाही का? डॉक्टरला रोग सापडला नाही तर तो पेशंटला नापास करत नाही. आपण करतो.

वावरातला धडा

जुलैच्या मधल्या एका शनिवारी मी घरी आलो ते दीर्घ रजेचा अर्ज लिहायच्या तयारीनेच. घरी बाबा नव्हते, वावरात गेले होते. मीही तिकडे गेलो. आमची दोन एकर कोरडवाहू. पहिल्या पावसावर बाबांनी कपाशी लावली होती, मग पावसाने दडी मारली आणि बी मातीतच गेलं. दहा-बारा दिवसांनी पुन्हा पाऊस आला होता. बाबा मजूर लावून दुबार पेरणी करत होते. वय वर्षं ७३.

मी धुऱ्यावर बसलो. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"काऊन रे बापू, असा तोंड पाडून काऊन बसला?"

मी सगळं सांगितलं. मुलं बोलत नाहीत, माझं शिकवणं तिथे चालत नाही, एवढ्या वर्षांचा अनुभव वाया गेला, आता या वयात नव्याने काय सुरू करू. बाबांनी ऐकून घेतलं. मग मूठभर माती उचलून दाबून बघितली. ओल किती आहे ते शेतकरी असाच बघतो.

म्हणाले, "बी उगवलं नाई म्हणून कोणी वावर इकते काय? बी गेलं. वावर त आहे ना!"

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "दुबार पेरणीले पैसा लागते, मेहनत लागते, सारं खरं. पण लाज नाई लागत."

मित्रांनो, मी बी.ए., डी.एड. शिकलेला माणूस. प्रशिक्षणं किती केली त्याची गणती नाही. पण एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं काय चुकलं होतं, ते त्या धुऱ्यावर बसून लक्षात आलं. माझी पहिली पेरणी फसली होती आणि मी ते कबूल करायला तयार नव्हतो. दोष मी मातीला देत होतो. ओल न बघता जुनंच बी मुठीने टाकत होतो आणि उगवत नाही म्हणून माती नापीक ठरवत होतो.

रजेचा अर्ज मी लिहिला नाही. सोमवारी पहाटेची पहिली गाडी पकडली.

काकू म्हणजे मासा!

त्याच आठवड्यात एक गंमत झाली. मी 'क'ची बाराखडी घेत होतो. काका, काकू. कार्डावर नऊवारी नेसलेल्या बाईंचं चित्र होतं. मी ते उंच धरलं आणि मोठ्याने म्हटलं, "ही कोण? ही काकू!"

पहिल्यांदा वर्गात हसू फुटलं. तेही साधंसुधं नाही, मुलं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. मला कळेना. मी पुन्हा म्हटलं, "काकू!" पुन्हा हशा. दारात खिचडीची ताई उभी होती, तीही पदर तोंडाला लावून हसत होती.

"काय झालं ताई?"

"सर, हमारे में काकू मंजे मच्छी."

आता तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. गुरुजी एका बाईचं चित्र दाखवून घसा ताणून सांगताहेत, "हा मासा, हा मासा!"

मीही हसलो. खूप दिवसांनी हसलो. आणि मग, का कुणास ठाऊक, खुर्ची बाजूला सारली आणि मुलांमध्ये सतरंजीवर बसलो. फळ्यावर माशाचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं 'काकू'. मग कोंबडी काढली. विचारलं, "ही?" एक पोरगा हळूच म्हणाला, "सीम." मी लिहिलं. वाघ काढला, तो मांजरासारखा झाला. तरी तीन-चार जण एकदम ओरडले, "कूला!" मेळघाटातल्या मुलांना वाघ ओळखायला चांगलं चित्र लागत नाही.

मग मी पाण्याचा हंडा दाखवला. उत्तर आलं, "डा." मी म्हटलं, "डा." मुलांनी नकारार्थी माना हलवल्या. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही.

तेवढ्यात खिडकीजवळची ती मुलगी उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "डा'." शेवटी आवाज घशात अडवायचा असतो, तो मी सोडून देत होतो. तिने मला दहा-बारा वेळा म्हणायला लावलं. जमलं तेव्हा तिने मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसली. ज्या मुलीच्या तोंडून तीन आठवडे "हजर" निघालं नव्हतं, तिने मला एका तासात पाणी मागायला शिकवलं.

त्या रात्री खोलीवर कंदिलाच्या उजेडात मी ती वही काढली. तिच्या नावापुढचा "अप्रगत" खोडला आणि खाली लिहिलं : "शिक्षक कोरकू भाषेत अप्रगत. प्रयत्न चालू." ती वही अजून माझ्याकडे आहे.

मुलं कुठे अडली होती?

पुढे मी जरा वाचलं, विचारलं, तेव्हा कळलं. मराठी आणि कोरकू या चुलत बहिणीसुद्धा नाहीत. मराठी संस्कृत-प्राकृताच्या कुळातली. कोरकू मुंडा कुळातली. संथाली, मुंडारी या झारखंड-ओडिशाकडच्या भाषा तिच्या बहिणी. त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा म्हणजे आपल्या सातपुड्यातली कोरकू. एवढा दूरचा वारसा माझ्या वर्गात सतरंजीवर बसला होता आणि मी त्याला अप्रगत म्हणत होतो.

सहा वर्षांचं लेकरू पहिल्या दिवशी शाळेत आलं की त्याच्यापुढे दोन डोंगर असतात. एक अक्षराचा आणि दुसरा परक्या भाषेचा. 'क' हे अक्षर नवं, आणि 'क कमळाचा' मधलं 'कमळ'ही नवं. आपल्याला कुणी आधी न ऐकलेल्या भाषेत, न पाहिलेल्या लिपीत शिकवायला लागलं तर आपण तरी काय करू? गप्प बसू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावं असं म्हटलं आहे. मला मात्र हे धोरणाच्या आधी एका माशाने शिकवलं.

मग आमचा रोजचा एक तास ठरला. परिपाठ झाला की मुलं गुरुजी आणि मी विद्यार्थी. मिया, बारिया, आफई, उफून, मोनोय. एक ते पाच म्हणायला मला चार दिवस लागले. मी चुकलो की मुलं टाळ्या पिटायची. आणि गंमत बघा, माझी चूक झाली तर सर रागावत नाहीत, हसतात, हे त्यांनी पाहिलं आणि मग आपण चुकायलाही ती घाबरेनाशी झाली. मी कोरकू शब्द देवनागरीत फळ्यावर लिहायचो. ओळखीच्या शब्दातलं अक्षर त्यांना लवकर सापडायचं. 'काकू'मधला 'क' आधी आला, 'कमळ' नंतर आलं.

घरी दुसरी सुरुवात

इकडे मी शिकत होतो, तिकडे घरी आणखी कुणीतरी शिकत होतं.

लग्नाला १८ वर्षं झाली होती. बायको कायम माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून फिरलेली. बाजार, दवाखाना, मुलीची शिकवणी, सगळीकडे मीच न्यायचो. माझी बदली झाली आणि गाडी घराच्या ओट्याजवळ उभी राहिली. मुलगी दहावीत होती. तिची शिकवणी संध्याकाळी सुटायची.

एका शनिवारी घरी आलो तर बायकोच्या कोपराला पट्टी. मी घाबरलो. ती म्हणाली, "काही नाही हो, स्कूटी शिकतेय."

"या वयात?" माझ्या तोंडून निघून गेलं. बघा मित्रांनो, मला स्वतःला "या वयात" म्हणायचं नाही हे मी नुकतंच शिकलो होतो, पण बायकोसाठी तो धडा लागू केला नव्हता!

ती म्हणाली, "पडायचं ते पडून झालं. आता चालवायचंच राहिलं."

शेजारची दहावीतली पोरगी तिला शिकवत होती. सकाळी सहाला, लोक उठायच्या आत, शाळेच्या मैदानावर. दोनदा पडली. एकदा कुंपणात गेली. दिवाळीत मी घरी आलो तेव्हा ती मला बसस्टँडवर घ्यायला आली. मी मागच्या सीटवर बसलो. पहिल्या वळणावर माझा जीव वर-खाली झाला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. हा लेख वाचून कळेल.

सगळंच उगवत नाही

आता तुम्हाला वाटेल, पुढे सगळं छान झालं असेल. तसं नाही.

दिवाळीनंतर मेळघाटातली कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. ती मुलगीही आई-वडिलांबरोबर गेली. खिडकीजवळची जागा रिकामी. मी तिच्या आजीला जाऊन म्हटलं, पोरीला ठेवून घ्या. आजी म्हणाली, "यहां क्या खिलाऊं, सर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

होळीला मेळघाट पुन्हा भरतो. कुठेही गेलेला कोरकू माणूस होळीला गावी येतोच. ढोलकी वाजते, पाच दिवस सण चालतो, आणि रस्त्यात माणसं अडवून फगवा मागतात. मी शाळेकडे निघालो तर पोरांनी रस्ता अडवला. "सर, फगवा!" त्यात दोन वेण्या होत्या. मी दहाची नोट काढली आणि म्हटलं, "आधी यावरचं वाच." तिने नोट उलटसुलट केली आणि हसली. चार महिन्यांत निम्मी अक्षरं विसरली होती.

मला वाईट वाटलं, पण पूर्वीसारखं नाही. मनात म्हटलं, बी गेलं, वावर तर आहे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा 'काकू'पासून सुरुवात.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळाच बंद झाल्या. गावात रेंज नाही, तिथे ऑनलाइन शिक्षण कुठलं! परवानगी मिळाल्यावर आम्ही दोघं शिक्षक घरोघरच्या ओट्यांवर पाच-पाच मुलं घेऊन बसलो. पुन्हा बरंच विसरलेलं, पुन्हा सुरुवात. आमच्याकडे दुबारही फसली तर तिबार पेरणी करतात. ती आमची तिबार होती.

चौथीत असताना त्या मुलीने परिपाठात उभं राहून एक अख्खी गोष्ट वाचली. अडखळत वाचली, दोन जोडाक्षरांवर थांबली, पण वाचली. त्याच वर्गातली दोन मुलं मात्र शाळेतून सुटली ती सुटलीच. त्यांच्या घरी मी किती चकरा मारल्या, उपयोग झाला नाही. आणि माझ्या मुलीच्या दहावीच्या वर्षी मी तिच्याजवळ नव्हतो, ते वर्ष मला परत मिळणार नाही. नवी सुरुवात फुकट मिळत नाही. बाबा म्हणाले तसं, दुबार पेरणीला पैसा लागतो, मेहनत लागते. मी हे लपवून तुम्हाला फक्त गोड गोड सांगितलं तर तुम्ही पहिल्याच अडचणीला मागे फिराल.

५८ व्या वर्षी

शिक्षक मित्रांनो, आपल्याकडे ५८ व्या वर्षी निवृत्ती होते. शाल, श्रीफळ, फोटो, आणि "आता आराम करा". या आकड्याशी माझ्या मनात एक नाव जोडलेलं आहे : महर्षी धोंडो केशव कर्वे.

अण्णांचा जन्म १८५८ चा. दापोली तालुक्यातलं मुरूड हे त्यांचं गाव. सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. तिथे पोहोचल्यावर काय झालं? वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढी पायपीट, आणि दारातूनच परत! पण त्यांनी पुन्हा तयारी केली, शिकत राहिले. १८८४ मध्ये पदवीधर झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गावाने बहिष्कार टाकला, ते डगमगले नाहीत.

१९१६ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ सुरू केलं. आज आपण त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणतो. तेव्हा अण्णांचं वय किती होतं? ५८! ज्या वयात आपण शाल-श्रीफळ घेतो, त्या वयात त्यांनी विद्यापीठाचा पहिला दिवस पाहिला. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं.

आपण सगळे कर्वे होणार नाही. पण साताऱ्याच्या दारातून परत फिरलेल्या त्या मुलाने "माझ्या नशिबात नाही" असं म्हणून पाटी ठेवून दिली असती तर? एवढा विचार तरी आपण करू शकतो.

मी काय शिकलो?

मित्रांनो, मोठा उपदेश करायची माझी पात्रता नाही. वहीत लिहून ठेवलेल्या चार गोष्टी तेवढ्या सांगतो.

१. पहिली पेरणी फसली हे आधी कबूल करा. "माझं चुकलं नाही, परिस्थितीच वाईट" असं म्हणत राहिलं की माणूस तिथेच उभा राहतो. विद्यार्थी मित्रांनो, चाचणीत कमी गुण आले तर पेपर लपवू नका. कुठे चुकलं ते बघा.

२. पेरण्याआधी ओल बघा. नुसता उत्साह पुरत नाही. जिथे जाल तिथली माती समजून घ्या. मी मुलांची भाषा न ऐकताच शिकवायला लागलो आणि तोंडावर पडलो.

३. जुनं सगळं टाकून देऊ नका. माझी १९ वर्षं वाया गेली नव्हती. चित्र काढणं, गोष्ट सांगणं, मुलांत बसणं, हे सगळं मी तिथूनच नेलं होतं. बी बदललं, वावर कसणारे हात तेच होते.

४. हसणाऱ्यांना हसू द्या, त्यांच्याबरोबर आपणही हसा. बायको सकाळी सहाला मैदानावर जायची, लोक बघू नयेत म्हणून. महिन्याभराने ती भर बाजारातून गाडी चालवत होती. लोकांनी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी ते आपापल्या कामाला लागले.

आता मी पुन्हा सपाटीवरच्या एका शाळेत आहे. इथली मुलं माझी भाषा बोलतात. तरी दरवर्षी पहिलीच्या वर्गात पहिल्या दिवशी मी खुर्चीवर बसत नाही, सतरंजीवर बसतो. फळ्यावर मासा काढतो आणि विचारतो, "हा कोण?" मुलं म्हणतात, "मासा!" मी म्हणतो, "मला एका मुलीने शिकवलंय, याला काकू पण म्हणतात." मुलं हसतात. मग मी त्यांना विचारतो, "तुम्ही मला काय शिकवणार?"

बाबा आता ८० च्या जवळ आले आहेत. वावरात जाणं कमी झालं, पण पाऊस लांबला की अजून माती मुठीत दाबून बघतात.

आणि हो, गृहपाठ राहिलाच. विद्यार्थी असो, शिक्षक असो की पालक, आज रात्री वहीच्या कोऱ्या पानावर एक ओळ लिहा. "मला ही गोष्ट शिकायची आहे, पण लोक हसतील म्हणून मी थांबलो आहे." पोहणं असेल, इंग्रजी असेल, मोबाइलवरून पैसे पाठवणं असेल, किंवा भांडण झालेल्या भावाला पुन्हा फोन करणं असेल. लिहा, आणि तिच्याखाली उद्याची तारीख टाका.

हंगाम अजून संपलेला नाही. चला, पेरायला लागू या.